आटलेल्या सरोवरांची खारी धूळ

मे 2018 च्या अखेरीस उझबेकिस्तानच्या काराकलपाकस्तान आणि ख्वारेझ्म या भागांत आकाशातून अक्षरशः मीठ पडलं. वादळ अरल समुद्राच्या उघड्या पडलेल्या तळावरून उठलं होतं. रस्ते, मोटारी, घरांची छपरं, सगळ्यांवर पांढरट भुकटीचा थर बसला. शेजारच्या तुर्कमेनिस्तानच्या उत्तर भागातही ती पोहोचली. माणसांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. शेतांना ती सोय नव्हती. एप्रिलमध्ये पेरलेला कापूस तेव्हा नुकता कुठे पानांवर आला होता. एरवी खारेपणा सोसणारं हे पीक नेमकं याच वयात सर्वांत नाजूक असतं.

पण त्या मिठाला उडायला जागा करून दिली ती कापसानेच. 1960 च्या सुमारास अरल समुद्र जवळपास 68,000 चौरस किलोमीटरवर पसरलेला होता. क्षेत्रफळाच्या हिशेबात जगातल्या सरोवरांत त्याचा चौथा क्रमांक लागायचा. त्याला पाणी देणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या सोव्हिएत नियोजनकारांनी कालव्यांकडे वळवल्या. वाळवंटात कापूस आणि भात पिकवायचा, असा बेत होता आणि तो सफलही झाला. समुद्र मात्र आटत गेला. मुयनाक हे कधीकाळचं बंदर; तिथे आज गंजलेल्या मासेमारी बोटी वाळूत उभ्या आहेत आणि पर्यटक त्यांच्यासमोर फोटो काढतात. उघड्या पडलेल्या तळाला आता अरलकुम म्हणतात. सुमारे 60,000 चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढं हे वाळवंट दोन पिढ्यांपूर्वी अस्तित्वातच नव्हतं.

सरोवरांच्या धुळीबद्दल बोलताना सहसा दोष हवामानबदलावर टाकून लोक मोकळे होतात. तापमानवाढीचा वाटा आहेच, पण मोठ्या खाऱ्या सरोवरांची गोष्ट उलगडू लागली की बहुतेक ठिकाणी धागा शेतीपर्यंतच येतो. वरच्या बाजूच्या शेतांनी नदी पिऊन टाकली, खाली सरोवर कोरडं पडलं आणि त्याच्या तळाची धूळ पुन्हा शेतांवरच आली. लॉस एंजेलिससारखी तहानलेली शहरं हा याला अपवाद, आणि तो अपवाद बराच बोलका आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी प्रश्न असा, की सगळ्याच तळ्यांची धूळ अशी का नसते? नांदेड-लातूरकडचा पाझर तलाव उन्हाळ्यात आटला तर गाळ भेगाळतो आणि शेतकरी तो ट्रॉलीने नेऊन शेतात टाकतो, कारण तो सुपीक असतो. अरल, इराणमधलं उर्मिया, अमेरिकेच्या युटा राज्यातलं ग्रेट सॉल्ट लेक यांची तऱ्हा वेगळी. या सरोवरांना बाहेर जाणारी नदीच नाही. डोंगरांतून वाहत आलेलं पाणी तिथे थांबतं आणि वाफ होऊन जातं. त्याने आणलेलं मीठ, सल्फेट, कार्बोनेट, आर्सेनिक मागे उरतं. हजारो वर्षं हेच चालतं. मग गेल्या शतकात त्यात कीटकनाशकं, खतं, खाणींचं सांडपाणी आणि कारखान्यांतले धातू येऊन मिळाले. पाणी असेपर्यंत हा सगळा ऐवज तळाशी दबून असतो.

पाणी गेलं की लगेच धूळ उडते असंही नाही. ओला तळ उडत नाही आणि मिठाचा जाड, कडक पापुद्रा धरलेला तळही सहसा उडत नाही. उडतो तो मधल्या अवस्थेतला, भुसभुशीत झालेला. सोडियम सल्फेटाचे स्फटिक थंड आणि ओलसर हवेत पाणी धरून फुगतात, उन्हाने कोरडे झाले की पाणी सोडून त्यांची भुकटी होते. फुगण्या-सुकण्याच्या या खेळात वरची माती पोकळ होते. अशा तळावर चालताना वरची साय मोडून पाय आत जातो. मग जोराचा वारा सुटला की आधी वाळूचे जाड कण उड्या मारत पुढे सरकतात आणि प्रत्येक उडीत पापुद्र्यावर आपटतात. त्या माराने बारीक धूळ सुटते, आणि ही बारीक धूळ शेकडो किलोमीटर जाते. युटा विद्यापीठातले वातावरणशास्त्रज्ञ केव्हिन पेरी यांनी ग्रेट सॉल्ट लेकचा उघडा तळ जाड टायरच्या सायकलवरून पालथा घातला आणि जागोजागी मातीचे नमुने घेतले. तळाच्या बऱ्याचशा भागाला पापुद्र्याने अजून धरून ठेवलंय, धूळ देणारा भाग त्या मानाने थोडा आहे, असं त्यांना दिसलं. दिलासा वाटावा अशी ही गोष्ट, पण पापुद्रा मोडायला जनावरांचे खूर आणि हौशी लोकांच्या मोटारसायकलीही पुरतात.

पिकावर ही धूळ बसते तेव्हा काय होतं? साध्या धुळीचा त्रास मराठी शेतकऱ्याला नवा नाही. खडी क्रशरच्या आसपासची किंवा चंद्रपूर-कोराडीकडे राखेच्या तलावांजवळची शेतं पाहिलेल्याला पानावरचा राखाडी लेप ठाऊक आहे. ऊन पानापर्यंत नीट पोहोचत नाही, पर्णरंध्रं बुजतात किंवा अर्धवट उघडी राहतात, पान तापतं. पण खाऱ्या धुळीचा खरा उपद्व्याप पहाटे सुरू होतो. दव पडतं, पानावरचं मीठ त्यात विरघळतं आणि सोडियम व क्लोराइड थेट पानात शिरतं. जमिनीतल्या क्षाराला मुळं थोडीफार अडवू शकतात; पानाकडे तसा राखणदार नाही. सूर्य वर आला की दव उडून जातं, द्रावण घट्ट होत जातं आणि पानाच्या कडा करपतात. एक हलकी सर पडली तर ती धुऊन नेण्याऐवजी मीठ भिजवून जास्त नुकसान करू शकते. धुऊन काढायला चांगला दणदणीत पाऊस लागतो, आणि या प्रदेशांत तोच नसतो. फुलोऱ्याच्या दिवसांत कुक्षीवर धूळ बसली तर परागाचं रुजणंही बिघडतं.

सगळी पिकं सारखी भरडली जात नाहीत. जमिनीच्या खारेपणाचं जे कोष्टक शेतीशास्त्रात वापरतात, त्यात बार्ली साधारण 8 डेसीसीमेन्स प्रति मीटरपर्यंत उत्पन्न न घटता तग धरते, कापूस 7.7 पर्यंत, गहू 6 पर्यंत. घेवडा 1 ला, कांदा 1.2 ला, द्राक्ष 1.5 ला आणि ऊस 1.7 ला हात टेकू लागतो. म्हणजे खारी धूळ पडू लागलेल्या प्रदेशात पहिला मार भाजीपाल्याला आणि फळबागांना बसतो. शेतकरी हळूहळू गहू, बार्ली, कापूस अशा सोशिक पिकांकडे वळतो. हे वळणं उत्पादनाच्या आकडेवारीत नुकसान म्हणून दिसत नाही, पण घरच्या ताटातून भाजी कमी होते.

इथे एक सावधगिरी हवी. अरल खोऱ्यातली सगळी क्षारपड जमीन धुळीच्या खात्यावर टाकण्याचा मोह वार्तांकनात वारंवार दिसतो, आणि तो चुकीचा आहे. ख्वारेझ्ममध्ये जमिनी मुख्यतः खालून खारावल्या: कालव्यांतून बेसुमार पाणी, निचऱ्याची रडकथा, वर चढलेली भूजल पातळी, आणि मग केशाकर्षणाने वर आलेलं मीठ. कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात उसाच्या फडांना मीठ कसं फुटलं हे पाहिलेल्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. ख्वारेझ्मचे शेतकरी दर वर्षी पेरणीआधी वाफ्यांत पाणी भरून मीठ खाली ढकलतात. त्या धुण्यालाच नदीचं प्रचंड पाणी जातं, आणि ते पाणी सरोवरापर्यंत पोहोचत नाही. धूळ या साठलेल्या मिठात वरून भर घालते. वरून पडलेलं किती आणि खालून चढलेलं किती, हे वेगळं काढणं कष्टाचं काम आहे. धुळीमुळे उत्पन्न अमुक टक्के घटलं असे ठोक आकडे म्हणूनच जपून वाचावेत. धूळ किती उडते याचे अंदाजही दूर-दूर जातात. एका अभ्यासाने अरलकुममधली वार्षिक धूळ 1984 ते 2015 या काळात 1.4 कोटी टनांवरून 2.7 कोटी टनांवर गेल्याचं मांडलं. जुन्या लेखांत याच्या कितीतरी पट आकडे सापडतात.

मिठापेक्षा अवघड बाब विषाची. सोव्हिएत कापसावर डीडीटीसारखी क्लोरीनयुक्त कीटकनाशकं आणि वेचणीआधी पानं गाळणारी रसायनं मनसोक्त फवारली गेली. 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासात अरल परिसरात पडणाऱ्या धुळीत फोसॅलोन हे ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशक सापडल्याचं नोंदलं होतं. गंमत अशी, की हे विष समुद्रतळाचंच असायला हवं असं नाही. वारा शेतांवरूनही धूळ उचलतो. सरोवराची धूळ आणि शेताची धूळ हवेत गेल्यावर एकच होते. धातूंचं गणित निराळं. आर्सेनिक कुजत नाही, उडून जात नाही. जमिनीत आलं की मुक्काम करतं. पालेभाज्यांवर ते धुळीच्या रूपाने चिकटतं आणि स्वच्छ धुतल्याने बरंचसं निघतं. भाताची गोष्ट वेगळी: पाणी साचलेल्या खाचरात आर्सेनिक सुटं होतं आणि सिलिका ओढणाऱ्या मुळांच्या वाटेनेच दाण्यापर्यंत जातं. अमू दर्याच्या खोऱ्यात भातही होतो.

कॅलिफोर्नियातला ओवेन्स लेक मात्र शेतीने नव्हे, शहराने पिऊन टाकला. 1870 च्या दशकात सेरो गोर्डोच्या खाणींतली चांदी-शिशाची लगड या सरोवरातून आगबोटीने जायची. 1913 मध्ये लॉस एंजेलिसने ओवेन्स नदीचं पाणी कालव्याने शहरात नेलं आणि 1920 च्या दशकात सुमारे 280 चौरस किलोमीटरचं सरोवर संपलं. पुढची कित्येक दशकं तो तळ अमेरिकेतला बारीक धुळीचा सर्वांत मोठा एकल स्रोत होता. 10 मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची तिथली कायदेशीर मर्यादा दिवसाला घनमीटरमागे 150 मायक्रोग्रॅम. ओवेन्सच्या काठावर वादळी दिवसांत हा आकडा दहा हजारांच्या पुढे गेला होता. धुळीत आर्सेनिक आणि कॅडमियम होतं. कायद्याचा बडगा आल्यावर शहराच्या पाणी खात्याला तळावर उतरावं लागलं. कुठे उथळ पाणी पसरलं, कुठे खारं गवत लावलं, कुठे खडी अंथरली. आतापर्यंतचा खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर गेला आहे. ज्या पाण्यासाठी सरोवर आटवलं, त्यातलंच काही पाणी आता धूळ दाबायला परत ओतावं लागतं. तरी उपाय लागू पडला, हेही मान्य करायला हवं: धूळ खूपच कमी झाली आणि उथळ पाण्यावर पाणपक्ष्यांचे थवे परतले. 2018 मध्ये किनारपक्ष्यांच्या संरक्षित स्थळांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात ओवेन्स लेकचा समावेश झाला.

धूळ म्हणजे नुसतं नुकसान, असं समजणंही बरोबर नाही. चाड देशातलं बोडेले हे खोलगट मैदान हा एका प्राचीन, अवाढव्य गोड्या सरोवराचा तळ आहे. डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांच्या कवचांनी बनलेली तिथली पांढरी माती जगातल्या धुळीच्या सर्वांत मोठ्या उगमांपैकी एक. बोडेले ज्या सहारा वाळवंटात आहे, तिथली धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते. तिच्यासोबत वर्षाला सरासरी 22,000 टन फॉस्फरस येतो, असा उपग्रहांच्या निरीक्षणांवरून 2015 मध्ये काढलेला अंदाज आहे. पावसाने फॉस्फरस वाहून जाणाऱ्या जंगलाला ही मोठीच भर. तेव्हा आटलेला तळ जात्याच विषारी नसतो. तो गोड्या पाण्याचा होता की खाऱ्या, आणि त्यात माणसांनी काय सोडलं, यावर सगळं ठरतं.

परिसंस्थेवरचा मार समजून घ्यायचा तर ग्रेट सॉल्ट लेककडे वळावं. 1986-87 च्या पुरात हे सरोवर सुमारे 8,500 चौरस किलोमीटरवर फुगलं होतं. 2021 मध्ये ते 2,500 च्या खाली उतरलं आणि नोव्हेंबर 2022 मध्ये पाण्याने आजवरची नीचांकी पातळी गाठली, समुद्रसपाटीपासून 4,188.5 फूट. (पुराच्या वर्षाशी तुलना केली की घट जरा जास्तच भयंकर दिसते, पण नेहमीच्या पातळीशी ताडून पाहिली तरी ती मोठीच आहे.) या खोऱ्यात माणूस जे पाणी उचलतो त्यातलं बहुतेक शेतीला जातं आणि शेतीत मोठा वाटेकरी आहे लसूणघास, म्हणजे गाईंचा चारा.

पाणी घटलं तसं उरलेलं पाणी जास्त खारट झालं. तळाशी सूक्ष्मजीवांनी बांधलेले दगडासारखे उंचवटे उघडे पडून मेले. त्यांवर पोसणाऱ्या खाऱ्या पाण्यातल्या माश्यांच्या अळ्या घटल्या. इवल्याशा आर्टेमिया कोळंबीलाही ताण बसला. या दोन किड्यामुंग्यांएवढ्या जिवांवर सुमारे एक कोटी स्थलांतरित पक्ष्यांचा प्रवास अवलंबून आहे. काही पाणबुड्या पक्षी दक्षिणेकडे झेपावण्याआधी इथे आर्टेमिया खाऊन वजन वाढवतात. आपल्याकडेही हा धागा येतो. जगभरच्या कोळंबीच्या पिल्लांना पहिल्या दिवसांत आर्टेमियाची ताजी उबवलेली पिल्लं खाऊ घालतात. त्यासाठीची वाळलेली अंडी बाजारात डब्यांतून मिळतात आणि त्यांचा मोठा हिस्सा याच सरोवरातून येतो. भारतातल्या किनाऱ्यावरच्या हॅचऱ्याही आयात केलेल्या आर्टेमियावर चालतात.

धुळीचा आणखी एक परिणाम सहज लक्षात येत नाही. सरोवराच्या पूर्वेला वासाच डोंगररांग आहे. हिवाळ्यात तिच्यावर साठणारा बर्फ उन्हाळ्यात वितळून नद्यांतून शेतांना आणि सॉल्ट लेक सिटीला पाणी देतो. बर्फावर काळपट धूळ बसली की तो ऊन परतवायचा सोडून शोषू लागतो. 2022 च्या हंगामात तिथल्या एका मोजणी केंद्रावर धुळीमुळे बर्फ 17 दिवस आधी संपला, असं संशोधकांनी दाखवलं. त्या धुळीतला साधारण चौथा हिस्सा सरोवराच्या तळाचा होता. बर्फ लवकर संपला की ऐन गरजेच्या उन्हाळी महिन्यांत ओढे रोडावतात, शेतकरी उपसा वाढवतो, सरोवर आणखी उतरतं.

इराणमध्ये दोन टोकांना दोन उदाहरणं आहेत. वायव्येचं उर्मिया सरोवर 1990 च्या दशकात सुमारे 5,000 चौरस किलोमीटर होतं. 2014 पर्यंत त्याचा जवळपास नव्वद टक्के पसारा गेला. धरणं बांधली गेली, विहिरी खोल गेल्या, आणि कमी पाण्यावर येणाऱ्या द्राक्षबागा काढून लोकांनी तहानलेल्या सफरचंदाच्या बागा लावल्या. आता मिठाची भीती त्याच बागांना आहे. पावसाच्या चांगल्या वर्षांत सरोवर थोडं सावरलं, 2023 मध्ये पुन्हा जवळपास कोरडं पडलं. आग्नेयेला अफगाण सीमेवरचा हामून हा गोड्या पाण्याचा दलदली पट्टा हेल्मंद नदीवर जगतो. नदी अडली, दुष्काळ आला आणि 2000 च्या आसपास लव्हाळी, मासे, गुरं सगळ्यांची वाताहत झाली. तिथे उन्हाळ्यात वाहणाऱ्या वाऱ्याचं नावच ‘एकशेवीस दिवसांचा वारा’. त्याच्या तोंडाशी असलेलं झाबोल शहर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या यादीत अतिसूक्ष्म धुळीच्या बाबतीत जगात पहिलं आलं, तेही फारसे कारखाने नसताना.

उपायांचा हिशेब संमिश्र आहे. उझबेकिस्तानने 2018 नंतर अरलकुममध्ये सॅक्सॉल या वाळवंटी झुडपाची लाखो हेक्टरवर लागवड केली. सॅक्सॉल वाऱ्याचा जोर मोडतो, वाळू धरतो. पण अतिखारट तळावर तो रुजतच नाही आणि धुळीचं माहेर नेमकं तिथे असतं. कझाकस्तानने जागतिक बँकेच्या मदतीने 2005 मध्ये कोक-अरल बंधारा बांधून उत्तरेकडचा छोटा अरल वेगळा केला. पाण्याची पातळी काही महिन्यांतच वर आली, खारेपणा उतरला, गोड्या पाण्यातले मासे आणि कोळी दोघंही परत आले. किंमत म्हणून दक्षिणेच्या मोठ्या अरलवर जवळपास पाणी सोडावं लागलं. युटात पाण्याचे हक्क ‘वापरा नाहीतर गमवा’ या तत्त्वावर चालायचे. 2022 मध्ये कायदा बदलला, शेतकऱ्याने आपलं पाणी सरोवरासाठी भाडेपट्ट्याने दिलं तरी त्याचा हक्क शाबूत राहील अशी सोय झाली, आणि सरोवरासाठी 4 कोटी डॉलरचा न्यासही उभा राहिला. लसूणघासाच्या पट्ट्यातला शेतकरी त्यात किती उतरतो, हे पाण्याच्या भावावर ठरणार. झुडपं लावण्यापेक्षा हा रस्ता कटकटीचा खरा, पण प्रश्नाच्या मुळाशी तोच जातो.

न्यायालयाचा रस्ता मोनो लेकने दाखवला. ओवेन्सच्या उत्तरेला असलेल्या या सरोवराचे ओढेही लॉस एंजेलिसने 1941 पासून वळवले होते. 1983 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकार हे अशा जलाशयांचं विश्वस्त आहे, पाण्याचे परवाने एकदा दिले म्हणून ती जबाबदारी संपत नाही, असा निर्णय दिला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीच्या पात्राशी खेळ करणाऱ्या हॉटेलच्या प्रकरणात, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या 1996 च्या निकालात, सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व स्वीकारताना याच मोनो लेक निकालाचा आधार घेतला. मोनोसाठी 1994 मध्ये 6,392 फुटांची पातळी ठरवण्यात आली, आणि ती ठरवताना काठावरची धूळ किती पाण्याखाली जाईल हाही हिशेब धरला होता. अंदाज होता वीसेक वर्षांत तिथवर पोहोचण्याचा. 2023 च्या प्रचंड हिमवृष्टीनंतरही सरोवर त्या खुणेच्या कित्येक फूट खाली आहे आणि लॉस एंजेलिसला त्यातून किती पाणी उचलू द्यायचं, यावर अजून वाद चालू आहे.